कदम बाईंची लवंग

सन दोन हजार सोळा. मी तेव्हा सत्तर वर्षांचा होतो, आणि कमी बोलून मला गप्प करणारं माणूस तोवर गावात जन्माला आलं नव्हतं. त्या जूनमध्ये कदम बाई वैभववाडीकडून बदलून आमच्या शाळेत आल्या. मालवणपासून आत, भात-काजूचा आमचा गाव. इथे बदली म्हणजे शिक्षा, असं समजून येणारे मास्तर आम्ही पुष्कळ बघितले होते. बाई तशा आल्या नाहीत. एक ट्रंक, एक छत्री आणि एक स्टो घेऊन आल्या आणि आमच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

बाई ठेंगण्या, काळ्यासावळ्या. चालणं भराभर, पण बोलणं सावकाश. छत्री बारा महिने हातात, वैशाखातसुद्धा, आणि ती कधी उघडलेली मी बघितली नाही. खुर्ची दिली तरी बसायच्या नाहीत. पायरीवर, तीही सगळ्यांत खालची, म्हणजे समोरच्या पोराचं तोंड त्यांच्या तोंडासमोर यायचं. स्वयंपाक अगदी वाईट. बांगड्याचं तिखलं करायला घेतलं की वास आमच्या पडवीपर्यंत यायचा आणि माझी सून सरिता म्हणायची, "बाईनी आज परत टोप जाळल्यानी."

आणि लवंग. कनवटीला एक छोटी डबी असायची. पोर वाचता वाचता अडलं की बाई डबी उघडायच्या, एक लवंग दाढेखाली धरायच्या आणि गप्प राहायच्या. मला आधी वाटलं, दाढ दुखते.

आता माझं थोडं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी दुसरी पास. तिसरीत गुरुजींचं आणि माझं पटेना. त्यांना शाळा सोडता येत नव्हती, म्हणून मी सोडली. पुढे चाळीस वर्षं दशावतारात राजपार्ट केला. दशावतारात लिहिलेलं काही नसतं. नाटक मंडळीचा मालक दुपारी आख्यान सांगतो, राजा कोण, राक्षस कोण ते ठरवतो. मग रंगमंचावर ज्याची त्याची जीभ. एकदा कानावर पडलेलं बोलायचं, आणि अडलं तर स्वतःचं घालायचं. माझ्या नातीला, दुर्वाला, हे न शिकवता येत होतं. आठ वर्षांचं चेडू, पण देवळातलं गाऱ्हाणं एकदा ऐकलं की घरी येऊन गुरवापेक्षा झ्याक म्हणायचं.

त्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात दुर्वाने पुस्तक हातात धरून एक धडा वाचला. काय तो आवाज, काय ते थांबणं! म्हातारीच्या जागी म्हातारी, कोल्ह्याच्या जागी कोल्हा. टाळ्या पडल्या. मी मिशीला हात लावून चौफेर बघितलं. एकट्या कदम बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. लवंग चावत होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, आल्या, खालच्या पायरीवर बसल्या, पिशवीतून एक पातळ पुस्तक काढलं आणि दुर्वाच्या हातात दिलं. "वाच गं."

चित्रात पांढरे ढीग होते आणि फावडं घेतलेला एक म्हातारा. दुर्वाने चित्राकडे बघितलं, ओळीवरून बोट फिरवलं आणि सुरू झाली. एका गावात एक म्हातारा होता. एके दिवशी त्याच्या दारात आभाळातून तांदूळ पडला. एवढा पडला की ढीग झाले. राजा घोड्यावरून आला आणि म्हणाला, हा तांदूळ कोणाचा? म्हातारा म्हणाला, महाराज, ज्याला भूक आहे त्याचा.

"वा गो वा!" मी मांडीवर थाप मारली.

बाईंच्या दाढेखाली लवंग फुटली. मग म्हणाल्या, "तात्या, हा धडा मिठागरावरचा आहे. यात राजा नाही. तांदूळही नाही."

"मगे पुस्तक करणाऱ्याचा चुकला. ह्या चेडवाचा आयकलास तर पुस्तकापेक्षा बरा आसा."

बाई हसल्या. "बरं आहेच. पण तिला वाचता येत नाही, तात्या. शेजारची मुलगी वाचते ते ऐकून ती पाठ करते आणि उरलेलं स्वतःचं घालते. इतकं छान घालते, की दोन वर्षं कोणाला कळलं नाही." मग माझ्याकडे रोखून बघितलं. "आणि एक आधीच सांगते. ती लबाडी करत नाही. हे शब्द लक्षात ठेवा."

मी लबाडी असं म्हटलंच नव्हतं. माझ्या मनातही नव्हतं. मग बाईंनी ते एवढं जोरात का सांगितलं, याचं मला तेव्हा नवल वाटलं.

सरिता ओले हात पदराला पुसत बाहेर आली. "म्हणजे माझा चेडू येडा, असा म्हणतास?"

"नाही गं. डोकं लखलखीत आहे. डोळेही चांगले. फक्त अक्षर आणि आवाज यांची गाठ तिच्याकडे लवकर बसत नाही. काही मुलांचं असतं तसं." बाईंनी त्याला एक नाव सांगितलं, डिस्लेक्सिया. माझ्या जिभेवर ते बसायला वर्ष गेलं.

दुर्वा इतका वेळ खाली मान घालून पायाने माती उकरत होती. ती म्हणाली, "आबा, अक्षर काल वळखीचा असता. आज वळख दाखवणा नाय."

मी उठून घरात गेलो. मला राग आला होता. राजपार्टाच्या नातीला परक्या गावची बाई येऊन काय सांगते! आजही म्हणतो, राग येण्यासारखंच होतं ते.

सरिताने ठरवलं, देवीला कौल लावायचा. आमच्याकडे अडलं की सातेरीलाच विचारतात. गुरव पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. मला वाटलं होतं, बाई ऐकून नाक मुरडतील. शिकलेलं माणूस! पण सोमवारी देवळात जाऊन बघतो तर बाई आमच्याआधी हजर, छत्री काखेत मारून उभ्या.

गुरवाने सुरुवात केली, "गे माये सातेरी, ह्या चेडवाच्या अक्षरात जर कोणाची दीठ, कोणाची बाधा शिरली आसात, तर उजवो कौल दी, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज कदम बाईंचा.

आम्ही वाट बघत राहिलो. सरिताचे ओठ हलत होते. शेवटी कळी पडली ती डावीकडची.

गुरव पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडणार, तोच बाईंनी पुढे होऊन हात जोडले. "आईनं सांगितलं, बाधा नाही. आता वाद संपला. दुर्वा, उद्यापासून संध्याकाळी माझ्या पायरीवर."

गुरव तसाच उभा राहिला. सरिता काय बोलणार? देवीनेच सांगितलेलं. घरी येताना ती मला म्हणाली, "बाई लय पोचलेली आसा." मी मनात म्हटलं, हिला नाटकात घेतली असती तर आमच्या मालकाचं भलं झालं असतं.

मग रोज संध्याकाळचं ते सुरू झालं. मी काही तिथे बसायला जात नव्हतो. माझं सुपारी कातरायचं ठिकाणच पडवीच्या त्या टोकाला होतं. बाई खळ्यात राखेने हे एवढं मोठं अक्षर काढायच्या आणि दुर्वाने त्यावरून तोंडाने आवाज काढत चालायचं. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला त्यांनी बोटाएवढी खिडकी कापली होती. ती पुस्तकावर ठेवायची म्हणजे एकच शब्द दिसायचा, बाकीचे झाकलेले. कधी पाठीवर बोटाने अक्षर काढायचं आणि ते ओळखायचं. एकदा दुर्वाच्या पाठीवर घामोळं उठलं होतं. बाई मला म्हणाल्या, "तात्या, राजपार्टाची पाठ रुंद आहे. जरा उसनी द्या."

मी सदरा काढून बसलो. दुर्वाने बोट फिरवलं. मी म्हटलं, "म."

"नाय. भ!"

पुन्हा काढलं. मी म्हटलं, "घ."

"ध! आबा, तुमका पण वळख दाखवणत नाय?" आणि ते चेडू असं हसलं, की सरिता चुलीवरचं सोडून बघायला आली. शाळेचं नाव काढल्यावर हसलेली मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

पण फार सावकाश चालायचं. एका ओळीला भजनाचा अभंग आटपेल एवढा वेळ. दुर्वा एका अक्षराशी अडून राहायची, कपाळावर घाम यायचा, कधी पुस्तक भिरकावून काजूच्या बागेत पळून जायची. बाई मागे जायच्या नाहीत. लवंग चावत पायरीवर बसायच्या. कोणी आईबाप विचारायला आले, "बाई, ह्या कधी वाचतला?" तर त्यांचं एकच ठरलेलं, "घाई कोणाला आहे?"

दोन वर्षांनी बाई रिटायर झाल्या, तरी खोल्या सोडल्या नाहीत. म्हणाल्या, दुर्वाचं अर्धं राहिलंय.

त्या वर्षीचा मे महिना. आमच्या पडवीत भिरंडांचा, म्हणजे पिकल्या कोकमांचा, ढीग पडला होता. सोलं घालायची होती, म्हणून बाईही मदतीला बसल्या होत्या. भिरंडं फोडून फोडून दोघांचेही हात लालभडक. समोर दुर्वा पुठ्ठ्याच्या खिडकीतून एक शब्द ओढत होती. मला राहवेना. शब्द मला दिसत होता, 'पाऊस'. माझ्या तोंडातून "पा" निघालाच. बाईंनी लाल बोट वर केलं. मी थांबलो. दुर्वाने कसाबसा तो शब्द गाठला आणि पाणी प्यायला आत गेली.

मी म्हटलं, "बाई, एक शब्द सांगलो तर काय बिघाडता? नाटकात माणूस अडलो तर मागच्यान सांगूकच व्हया."

बाईंनी दोनचार भिरंडं फोडली. मग म्हणाल्या, "माझ्या महेशला मी सांगतही नव्हते, तात्या. मारत होते."

बाईंना मुलगा आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"माझ्याच वर्गात होता. चौथीत. मास्तरणीचा मुलगा म्हणून पहिल्या बाकावर. दुर्वासारखंच करायचा. ऐकून पाठ करायचा, अडलं की मनचं सांगायचा. मी एक दिवस पुस्तकाचं पान बदलून दिलं, तर हा मागच्याच पानावरचं घडाघडा बोलत सुटला. वर्ग हसला. मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हटलं, लबाड. तू लबाड आहेस. पट्टीनं मारलं ते तो विसरला असता. तो शब्द नाही विसरला."

"आता खंय आसा?"

"म्हापशाला. कुठल्याशा हॉटेलात स्वयंपाक करतो म्हणतात. दहावीला बसायच्या आधी गेला तो गेलाच. लग्नाला बोलावलं नाही. या मुलांचं असं काही असतं, हे मला पुढे एका शिबिरात कळलं, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होऊन गेला होता. तो लबाड नव्हता, तात्या. मला ओळखता आलं नाही. एवढंच त्याला सांगायचं आहे. दर रविवारी जेवण झालं की एकदा फोन लावते. पूर्ण वाजू देते."

"उचलता?"

त्यांनी नाही अशी मान हलवली आणि डबी काढायला हात नेला, पण हात भिरंडांनी माखलेले, म्हणून तो तसाच मांडीवर ठेवला. दुर्वा परत आली. बाईंनी खिडकी पुढच्या शब्दावर सरकवली आणि म्हणाल्या, "पुढं."

त्यानंतर रविवारी दुपारी बाजूच्या खोलीत काही आवाज नसला की मला कळायचं, आता फोन वाजत असेल.

पुढच्या वर्षी बाई वाळायला लागल्या. पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. वैभववाडीचा त्यांचा भाचा गाडी घेऊन न्यायला आला तो रविवारच होता. ट्रंक, स्टो गाडीत गेलं. छत्री बाईंनी हातातच ठेवली. सरिता सारखी डोळे पुसत होती. बाई खालच्या पायरीवर बसल्या, आता उठताना आधार लागेल हे माहीत असूनसुद्धा तिथेच, आणि पिशवीतून ते मिठागराचं पातळ पुस्तक काढलं.

"दुर्वा, पहिल्या दिवशीचं राहिलंय आपलं."

दुर्वाने पुठ्ठ्याची खिडकी पानावर ठेवली.

"मि... मिठा... मिठाग... रात. मिठागरात. स... समु... द्राचं..."

मी चाळीस वर्षं रंगमंचावर काढली. एवढं वाईट बोलणं ऐकलं नव्हतं. ना चढ ना उतार, एक शब्द चालतोय, दुसरा बसलाय. असं मी बोललो असतो तर लोकांनी चपला काढल्या असत्या. भाच्याने दोनदा घड्याळ बघितलं. एका जोडाक्षराशी दुर्वा इतकी अडली की मी श्वास धरला. चित्रातला तो म्हातारा समोरच होता. मनात आणलं असतं तर तिने पुन्हा राजा आणला असता, घोडा आणला असता, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. तिने आणला नाही. त्या अक्षराला ती सोडेना. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. दाढेखालची लवंग कधीच संपली असेल, पण जबडा हलत होता.

धडा संपला. चेडू भात लावून आल्यासारखं घामाने भिजलं होतं.

बाईंनी डोळे उघडले. आजवर कोणाला 'शाब्बास' म्हणाल्या नव्हत्या, तशा आताही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "पानावर आहे तेच वाचलंस."

मग भाच्याने आणि मी धरून त्यांना गाडीत बसवलं. त्यांनी काच खाली घेतली. मला वाटलं, काही बोलतील. पण दुपारची वेळ होती, आणि रविवार. त्यांनी पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि कानाला धरला. गाडी काजूच्या वळणावर गेली तेव्हा फोन कानालाच होता आणि तोंड बंद होतं. बाईंना मी शेवटचं बघितलं ते तसं.

चतुर्थी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "तात्यानू, आत्या गेली. काल."

 मी विचारलं, "महेश इल्लो?"

"खंय इल्लो! धा-धा वेळा फोन लावलंय, उचलूक नाय. अग्नी मीच दिलंय. तरी मेसेज लिवन पाठवलंय तेका, सगळा सविस्तर."

"लिवन पाठवलंस?"

"होय तर."

"मेल्या, तो वाचतलो कसो?"

  भाचा हळूच म्हणाला, "तात्यानू, ह्या माझ्या ध्यानातच येवक नाय."

कोणाच्या येणार? मी फोन ठेवला आणि सरिताला सांगितलं, सकाळी म्हापशाला जातो, दुर्वाला घेऊन. ती म्हणाली, "तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू. पत्तो नाय, काय नाय. एवढ्या म्हापशात खंय सोदतालास तेका?"

"हॉटेलाचे बोर्ड वाचीत जातलंय. वाचणारा माणूस आसा माझ्या वांगडा."

दुर्वा दारात उभी राहून ऐकत होती. रडली नाही. आत गेली आणि पुठ्ठ्याची ती खिडकी दप्तरात घातली.

महेशला काय सांगायचं याची मी तालीम केली नाही. जन्मभर केली नाही ती आता कशाला? पण एक ठरवलं. या खेपेला स्वतःचं काही घालायचं नाही. भिरंडं फोडताना बाई जेवढं बोलल्या, तेवढंच सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कुडाळच्या स्टँडवर उतरलो. दोन गाड्या लागल्या होत्या, एकीचं इंजिन चालू होतं. माझ्या डोळ्यांना पाटी म्हणजे नुसता पांढरा पट्टा. आजवर मी कोणालाही विचारून गाडीत चढत आलो. त्या दिवशी विचारलं नाही. म्हटलं, "दुर्वा, ही खंयची बघ गो."

दुर्वाने मान वर केली, बोट हवेत धरलं. "सा... सावं... सावंत..."

कंडक्टरने दारातून डोकं काढलं. "ओ आजोबा, घाई करा. खंय जावचा आसा? माका विचारा, मी सांगतंय."

"...वाडी. म... म्..." दुर्वाचं बोट पुढच्या शब्दावर थांबलं.

कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला. माझ्याकडे लवंग नव्हती. मी ओठ दातांखाली धरला, दार लागू नये म्हणून एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवला, आणि ओठ सोडून कंडक्टरला तेवढंच म्हटलं, "थांब. चेडू वाचता हा."